आमीननंतरची सात मिनिटं

आमच्या कंपनीला दोन सल्लागार होते, एक गुप्ततेचा आणि एक नियमांचा. गुप्ततेचा दुबईहून यायचा, नियमांचा अस्तानाहून. पहिल्यानं असं ॲप दिलं की पाठवणारा आणि घेणारा सोडून निरोप कुणाला उघडता येऊ नये, आणि चोवीस तासांत तो फोनमधून आपोआप पुसला जावा. दुसऱ्यानं अशी यंत्रणा बसवली की कंपनीच्या प्रत्येक निरोपाची प्रत पाच वर्षं जपून राहावी. दोघंही आपापल्या कामात हुशार निघाले. त्यामुळे तळघरातल्या यंत्रात कुलूपबंद अक्षरांचे ढीग तारीखवार साठत गेले आणि ते आमच्यासकट कुणालाच वाचता येईनात. मागच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी ढीग मोजले, संख्या बरोबर भरली आणि प्रमाणपत्र देऊन ते जेवायला गेले.

मी बालझान. अल्माटीतल्या या धान्य दलालीच्या कंपनीत मी नियमपालन अधिकारी होते. त्याआधी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. दोन्ही नोकऱ्यांत फरक एवढाच की शाळेत मी वर्गात आले की पोरं गप्प बसायची आणि इथं मोठी माणसं बसायची. पेन्शनला दोन वर्षं उरली होती आणि माझ्या सहीवर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. याचा मला गर्व होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

कंपनीचे मालक नुरमगांबेत. मान द्यायचा तर आमच्याकडे नाव तोडतात, म्हणून सगळे त्यांना नुरेके म्हणायचे. नुरेकेंना कायम वाटायचं की कुणीतरी आपलं ऐकतंय. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते सगळ्यांचे फोन गोळा करून चहाच्या खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला लावायचे. दुबईवाल्यानं तसं सांगितलं होतं. आमच्या सगळ्यांच्या फोनला घोड्याच्या मटणाचा वास यायचा. आणि असा हा माणूस कंपनीचा सगळ्यात मोठा धंदा तेवीस नातेवाइकांसमोर करायचा.

त्याचं असं झालं. नुरेकेंची मुलगी कोस्तनायच्या तोलेगेनच्या घरी दिलेली. तोलेगेन, म्हणजे तोके, दोन पिठाच्या गिरण्यांचे आणि न मोजता येणाऱ्या शेताचे मालक. लग्नानंतर त्याच कुलूपबंद ॲपवर व्याह्यांचा एक ग्रुप निघाला, आणि तोके गव्हाच्या ऑर्डरी त्याच ग्रुपवर बोलून सांगायला लागले. मी नुरेकेंना म्हटलं, ऑर्डर कंपनीच्या छापील अर्जावर किंवा नोंद राहणाऱ्या फोनवरच यायला हवी. ते म्हणाले, व्याह्याला अर्ज भरायला लावू? उद्या पोरीला सासरी कोण विचारेल? मग त्यांनी नियमाचं पुस्तक स्वतः वाचलं, जे याआधी कधी केलं नव्हतं, आणि त्यात त्यांना एक कलम सापडलं. खासगी ग्रुपवर धंद्याचं बोलणं होत असेल तर नियमपालन अधिकाऱ्याची देखरेख असावी, असं ते कलम. त्यांनी तिथल्या तिथे मला व्याह्यांच्या ग्रुपमध्ये घातलं. ऑर्डर घेणाऱ्या पेरिझातलाही घातलं. नियम पाळला गेला.

तेव्हापासून मी त्या घराण्याची बिनपगारी विहीण झाले. रोज सकाळी तेवीस घरांतून गुलाबाची फुलं यायची. कुणाचा दात पडला, कुणाची गाय व्याली, कुणाच्या सुनेनं चहा फिका केला, सगळं माझ्या देखरेखीखाली चाले. शुक्रवारी तोकेंचा मोठा निरोप यायचा. पंधरा-सोळा मिनिटं ते एकटेच बोलायचे. आधी खुशाली, मग आशीर्वाद. तोके आशीर्वाद फार सुंदर द्यायचे, हे मान्य केलं पाहिजे. आवाज भारदस्त, शब्द जुने, आणि एकेका घराचं नाव घेऊन द्यायचे. मी खिडकीपाशी बसून दोन्ही तळवे उघडे धरून ऐकायची. शेवटी आमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवायचे, फोन बंद करायचा आणि नोंदवहीत लिहायचं: तारीख, वेळ, धंद्याशी संबंध – नाही.

आमच्याकडे आमीननंतर माणूस उठतो. जेवण असो, लग्न असो, मयत असो, आमीन झालं की कोट शोधायचा. त्याच्यापुढे काही असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नाही; तोके ऑर्डर पेरिझातला वेगळी कळवत असतील, असं मी धरून चालले होते.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी पेरिझातनं तोकेंचा रेल्वेच्या चाळीस वाघिणी गहू ताश्कंदच्या गिऱ्हाइकाला विकला. सोमवारी भाव चढला. बुधवारी तोकेंनी वाघिणी भरायला नकार दिला. मी विक म्हणालोच नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. ताश्कंदवाल्यानं नियामकाकडे तक्रार केली आणि काही आठवड्यांनी नियामकानं पत्र पाठवलं की पुढच्या मंगळवारी सुनावणी आहे. गव्हाच्या मालकाच्या सांगण्यावाचून सौदा केल्याचं ठरलं तर पेरिझातचा दलालीचा परवाना जाणार होता, आणि असा गेलेला परवाना परत मिळत नाही. देशातल्या कुठल्याही बाजारात तिला पुन्हा उभं राहता आलं नसतं.

पेरिझात सव्वीस वर्षांची. तराझकडच्या एका खेड्यातली. परवान्याची परीक्षा तिनं तीनदा दिली होती. तिसऱ्या वेळी गणिताला मीच शिकवलं, ऑफिस सुटल्यावर, चहाच्या खोलीत. तेव्हापासून ती मला आपाय म्हणायची, शाळेत बाईंना म्हणतात तसं. पास झाली तेव्हा तिच्या आईनं माझ्यासाठी बसमधून डबाभर बौरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, पाठवले होते. ते वाटेतच वाळले, तरी आम्ही दोघींनी चहात बुडवून सगळे संपवले.

निरोप पुसला गेला होता. पेरिझातनं ग्रुपवर तोकेंना "बरं, आगा" असं लिहिलं होतं, तेही पुसलं गेलं होतं. तळघरातली प्रत वाचता येत नव्हती. उरली एकच नोंद, माझी. त्या शुक्रवारी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: धंद्याशी संबंध – नाही.

ती माझ्या टेबलापाशी आली तेव्हा रडून झालेलं होतं. आवाज अगदी शांत होता.

"आपाय, तुम्ही तो निरोप कुठपर्यंत ऐकलात?"

"पूर्ण ऐकला. आशीर्वाद झाला, आमीन झालं."

"आमीननंतर सात मिनिटं होती."

मी तिला म्हटलं, कसं शक्य आहे. ती म्हणाली, दर शुक्रवारी असतात, ऑर्डर तिथंच असते. मी वही उघडून पाहिली. चौतीस शुक्रवार. वेळेच्या रकान्यात मीच फोनवर बघून लिहिलं होतं, सोळा मिनिटं, पंधरा मिनिटं, सतरा मिनिटं. ऐकलेली मात्र प्रत्येक वेळी नऊ. ज्या बाईनं बावीस वर्षं पोरांना वजाबाकी शिकवली तिला ही वजाबाकी दिसली नव्हती. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिला बस असंसुद्धा म्हणाले नाही.

त्याच दुपारी नुरेकेंनी बोलावलं. फोन मायक्रोवेव्हमध्ये गेले. त्यांनी दार लावलं आणि पडदा ओढला. तोके खोटं बोलताहेत असं ते म्हणाले नाहीत आणि खरं बोलताहेत असंही म्हणाले नाहीत. मंगळवारी मी फक्त वही दाखवावी आणि गप्प बसावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"बालझान, माझी पोर त्या घरात नांदते. व्याह्याला चार लोकांत खोटं पाडलं तर तिनं तिथं तोंड कसं दाखवायचं?"

"आणि पेरिझात?"

"ती तरुण आहे. दुसरं काहीतरी करेल. आणि तू तुझंही बघ. वही चुकली असं म्हणालीस तर तुझं काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

ठाऊक होतं. नियमाचं पुस्तक मला तोंडपाठ आहे. खोटी नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या पदावर पुन्हा कधी बसता येत नाही. मी दोन दिवस गप्प राहिले. दोन दिवस पेरिझात मला सकाळी "सलाम, आपाय" म्हणायची आणि मी कागदात डोकं घालायची. माणूस किती सहज भित्रा होतो हे मला त्या दोन दिवसांत कळलं, आणि ते कळण्याचं माझं वय नव्हतं.

शुक्रवारी मी व्याह्यांना एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. एवढं लांबण लावण्यापेक्षा मंगळवारी सरळ उभं राहून वही खोटी आहे म्हणायचं होतं, असं कुणी म्हणेल. ते मी म्हणणारच होते, पण त्यानं पेरिझात सुटत नव्हती. मी ऐकलं नाही एवढंच त्यातून सिद्ध झालं असतं. तोके काय बोलले ते ऐकलेला कुणीतरी हवा होता. मी सगळ्यांना एकच विचारलं, ऑक्टोबरमधल्या त्या शुक्रवारचा निरोप कुठपर्यंत ऐकलात? आमीनपर्यंत. एकानं अर्ध्यावर सोडला होता, कारण त्याच्या घराचं नाव आधीच येऊन गेलं होतं. अस्तानाच्या एका वहिनींनी कबूल केलं की त्या ऐकतच नाहीत, गुलाब मात्र वेळेवर पाठवतात. तोकेंच्या सख्ख्या बायकोनं मला विचारलं, अगं, आमीननंतर ते बोलतात?

यादीत शेवटचं नाव नुरेकेंच्या आईचं होतं, झेइनेप आपांचं. वय चौऱ्याऐंशी. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून शनिवारी सकाळी मी घरीच गेले. नुरेके शिकारीला गेले होते. आपांनी दूध घातलेला चहा ओतला आणि माझं म्हणणं ऐकून घेतलं. मग त्या उठल्या, पलंगाखालून बुटांचा खोका ओढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत कॅसेटी होत्या. प्रत्येकीवर तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि अनुक्रमांक. आपा तीस वर्षं सरकारी शेताच्या गोदामात नोंदी ठेवायला होत्या.

"दिलेला आशीर्वाद दुसऱ्या दिवशी परत घ्यायचा, ही कुठली रीत?" त्या म्हणाल्या. "मी नातसुनेला म्हटलं, तुमच्या फोनला लावा कुलपं. माझ्या टेपला फोनचा नुसता आवाज पुरतो."

दर शुक्रवारी त्या फोन मोठ्यानं लावायच्या, शेजारी टेप चालू करून ठेवायच्या आणि हात पसरून बसायच्या. टेप बंद करायला वाकावं लागतं आणि कंबर दुखते, म्हणून कॅसेट संपेपर्यंत ती चालूच राहायची. मी हवी ती तारीख शोधली. आम्ही दोघींनी ऐकली. मी आमीनपाशी थांबले नाही.

कॅसेट नेऊ का, असं मी विचारलं. त्यांनी खोका मांडीवर घेतला.

"गोदामातून माल सहीशिवाय आणि माणसाशिवाय बाहेर जात नाही. कॅसेट जाईल तिथं मी येईन."

त्यांच्या मुलाला हे आवडणार नाही, हे मी सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं. त्यांनी फक्त माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला.

मंगळवारी आमच्या बैठकीच्या खोलीत सुनावणी भरली. नियामकाचा माणूस एर्केबुलान म्हणून होता, पस्तिशीचा, सर्दी झालेला, स्वतःचा थर्मास घेऊन आलेला. तोके कोस्तनायहून विमानानं आले होते, टोपी घालून, अगदी प्रसन्न चेहऱ्यानं. नुरेकेंनी मायक्रोवेव्हसाठी फोन मागितले, तेव्हा एर्केबुलान म्हणाला की सरकारी फोन तो देऊ शकत नाही आणि शिंकला. पेरिझात टोकाच्या खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. तेवढ्यात झेइनेप आपा काठी टेकत आत आल्या, मागोमाग ड्रायव्हर टेपरेकॉर्डर घेऊन. नुरेकेंचा चेहरा पडला, पण आईला उठून जा कोण म्हणणार? सगळेच उठून उभे राहिले. आपांनी तोकेंची, त्यांच्या बायकोची, गुराढोरांची आणि सुनेची खुशाली विचारली. एर्केबुलानलाही थांबावं लागलं.

मी सांगितलं की ही त्या दिवशीच्या निरोपाची कॅसेट आहे. नुरेके म्हणाले, ही कंपनीची अधिकृत नोंद नाही. एर्केबुलाननं विचारलं, अधिकृत नोंद वाचता येते का? मग त्यानं टेप लावायला सांगितलं.

तोकेंचा आवाज खोलीत भरला. आधी खुशाली झाली, मग आशीर्वाद सुरू झाला, आणि आपांनी तळवे उघडले. मग तोकेंनी उघडले. नुरेकेंनी उघडले. एर्केबुलाननं हातातला रुमाल खिशात घातला, पेन बाजूला ठेवलं आणि त्यानंही तळवे उघडले. खुशाली आणि आशीर्वाद मिळून नऊ मिनिटं झाली. घराघराची नावं आली, दाराशी पाहुणा यावा, चुलीवरचं भांडं कधी रिकामं राहू नये, असं सगळं आलं, आणि तोके स्वतःच्याच शब्दांनी इतके भारावले की त्यांचे डोळे ओले झाले. मग टेपमधून आमीन आलं. खोलीतल्या सगळ्यांनी आमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. एर्केबुलाननं फाइल मिटली. तोकेंनी टोपी सारखी केली. नुरेके कोट घ्यायला उठले.

"बसा," मी म्हटलं. "टेप अजून चालू आहे."

सगळे उभ्या उभ्याच थांबले. टेपवर तोके खोकले. मग नातवाच्या सुंतेची मेजवानी कधी ते आलं. मग घोडा कुठला कापायचा ते आलं. आणि मग, चौथ्या मिनिटाला: "पेरिझात बाळ, त्या चाळीस वाघिणी आता विकून टाक, ताश्कंदवाला देतो त्या भावानं, मला विचारत बसू नको." त्यानंतरची तीन मिनिटं गुडघेदुखीवर होती. तीही आम्ही ऐकली.

मला वाटलं होतं आता आभाळ कोसळेल. नुरेके तर भिंतीला टेकले होते. पण तोके मोकळेपणानं हसले.

"म्हणालो की मी. साफ विसरून गेलो होतो." मग आपांकडे वळून म्हणाले, "आवाज काय स्पष्ट आलाय, आपा. मला एक प्रत करून द्या."

मुलीच्या संसाराला काही झालं नाही. ज्या भीतीपायी नुरेके एका पोरीचा बळी द्यायला निघाले होते ती भीती तोकेंच्या गावीही नव्हती. संध्याकाळच्या जेवणाचं आमंत्रण त्यांनी तिथल्या तिथेच सगळ्यांना दिलं, पेरिझातलासुद्धा, आणि वाघिणी उद्यापासून भरतो म्हणाले.

एर्केबुलाननं मात्र वही पुढे ओढली.

"आपाय, ही नोंद तुमची?"

"माझी."

"ऐकून लिहिलीत?"

"आमीनपर्यंत ऐकून."

त्यानं चौतीसही शुक्रवारांची पानं उलटून पाहिली. मला वाटतं त्यालाही वाईट वाटत होतं, कारण आमीन होताच फाइल त्यानंही मिटली होती. पण हे लिहायला अहवालात रकाना नसतो. त्यानं तिथंच बसून अहवाल तयार केला आणि छापून आणवला. गुप्ततेची यंत्रणा निर्दोष, कारण कुलूप कुणी फोडलं नव्हतं. नोंदींची यंत्रणा निर्दोष, कारण प्रत जागेवर होती. तोके निर्दोष, कारण विसरण्याविरुद्ध नियम नाही. नुरेके निर्दोष, कारण त्यांनी कलमाप्रमाणे देखरेख नेमली होती. दोष देखरेखीचा.

तोके आणि नुरेके कोट चढवून दाराशी उभे होते. जेवणाची वेळ होत आली होती. एर्केबुलाननं कागद माझ्यापुढे सरकवले आणि शेवटच्या पानावर सहीची जागा बोटानं दाखवली. मला ते लवकर संपवायचं होतं. मी पेन मागितलं. ते पेरिझातनं आणून दिलं, पण हातात देताना सोडलं नाही.

"आपाय," ती हळूच म्हणाली, "शेवटपर्यंत वाचा."

अकरा पानं होती. मी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. दाराशी उभ्या असलेल्यांनी थोड्या वेळानं कोट काढले आणि ते परत येऊन बसले. आपांनी ड्रायव्हरला चहा आणायला पाठवलं. सहाव्या पानावर माझं नाव आलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि त्यापुढे या पदावर पुन्हा कधीही नेमू नये असं आलं. तेही वाचून मी पान उलटलं. दहाव्या पानावर एक वाक्य होतं की दलाल पेरिझात हिनं ऑर्डर पूर्ण ऐकून सौदा केल्याचं सिद्ध झालं असून तिचा परवाना कायम राहील. ते मी दोनदा वाचलं. मग अकरावं पानही वाचलं, आणि सही केली.